मृदुलाबाईंची पाचवी चिप

मृदुलाबाईंचा पारा चढायला फारसं काही लागत नसे. प्रयोगशाळेत कुणी केसांत मल्लिगेचा गजरा माळून आलं तरी त्या दारातूनच ओरडत, "पराग झडतो, बाहेर काढून ये!" वय एक्कावन्न. त्यातली शेवटची अकरा वर्षं एका चिपेमागे गेली. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप विजेच्या इशाऱ्यावर लेसरचा उजेड सेकंदाला पन्नास अब्ज वेळा चालू-बंद करणार होती. "एवढ्या घाईनं दिवा लावून विझवून कुणाचं भलं होणार?" असं नवरा, हरिहर, विचारी. जगाचं इंटरनेट असल्याच उघडझापीवर चालतं, हे त्याला सांगून सांगून बाई थकल्या होत्या.

चिपा परदेशातून करून आणाव्या लागत. मागणी दिली की आठ महिने हात चोळत बसायचं. या खेपेला पाच आल्या. दोन मुळातच मुक्या, एक तुटली, एक तापून गेली. पाचवी मात्र चालली. दसऱ्याच्या आठवडाभर आधी पडद्यावर पन्नासचा आकडा लागला आणि बाई खुर्चीतच रडल्या. सुट्टीनंतर तपासणी समिती येणार होती. तिच्यासमोर हाच आकडा दिसला तर काम पुढे चालणार, नाही तर प्रकल्प बंद.

म्हणून आयुधपूजेला त्यांनी सक्त ताकीद दिली. बाकीच्या यंत्रांना हळदकुंकू लागलं, फाटकात कोहळा फुटला. पण ताट घेऊन आलेल्या सहनाला बाईंनी उंबऱ्यावरच अडवलं. सहना त्यांच्या हाताखालची इंजिनियर, त्यांच्यासारखीच म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातली.

"इथं कुंकू बेडा, नको! एक कण पडला तर संपलं सगळं."

"पण अक्का, सगळ्या मशिनांची पूजा होते. हीच एक सुम्ने, उगीचच उपाशी ठेवायची काय?"

"ठेव. आणि ते ताट बाहेरच्या टेबलावर ठेवून घरी जा."

सुट्टी संपली. समिती अकराला येणार होती. नऊला बाईंनी लेसर चालू केला. पडद्यावरची रेघ क्षणभर उसळली आणि सपाट झाली. बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. उजेड आत शिरतो त्या काठावर जळका खड्डा पडला होता, शेजारी दोन लाल कण.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सहना! शेवटी केलंसच ना? अकरा वर्षं मातीत घातलीस!"

सहनाचे डोळे भरले. "अय्यो अक्का, मी आतच आले नाही. किल्ली तुमच्याकडंच होती की."

किल्ली खरंच त्यांच्याकडे होती. आयुधपूजेच्या संध्याकाळी सगळे गेल्यावर कुलूप लावताना 'उपाशी' हा शब्द काही केल्या डोक्यातून जाईना. आधीच्या चार चिपा आठवल्या. बाहेरच्या ताटातलं चिमूटभर कुंकू घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या दांडीला बोट टेकवलं होतं. चिपेपासून वीतभर वर, म्हणजे लांबच, अशी स्वतःची समजूत घातली होती. मग हात जोडले होते. आता बघितलं तर दांडीवरचा टिळा निम्मा झडलेला. स्वतःचा इतका संताप त्यांना कधीच आला नव्हता.

अकराला फाटकात समितीची गाडी थांबली. सहना घाईनं ओलं फडकं घेऊन आली. "टिळा मी पुसते, अक्का. लेसरच बिघडला म्हणून सांगू."

"पुसू नकोस," मृदुलाबाई म्हणाल्या. "विचारतील तेव्हा दाखवायला लागेल. बोट माझं आहे."