भोसरीतली विंडोज ९५ ची फ्लॉपी

परवा भोसरीत एका मशीनचं मरण मी नामंजूर केलं.

थोरात काकांच्या गाळ्यात एकच वायर-कट मशीन आहे. वीज सोडलेल्या बारीक तारेनं ते पोलाद कापतं, आणि त्याचा कॉम्प्युटर अजून विंडोज ९५ वर चालतो. परवा सकाळी तो सुरूच होईना. जुन्या मशीनचे कंट्रोल दुरुस्त करणं हे माझं काम, म्हणून मला फोन.

पोचले तर नवीन मशीन विकणारा सेल्समन आधीच खुर्चीत. "मॅडम, कशाला पोस्टमॉर्टेम करताय? भंगारात काढायला सांगा." काकांनी भंगारवाल्याला संध्याकाळी बोलावलंही होतं... नवीन घ्यायची ऐपत नाही. हे मशीन गेलं की गाळ्याचं शटर खाली.

मी तपासलं. हार्ड डिस्क शाबूत होती, फक्त सुरू होताना लागणाऱ्या सिस्टिम फाइल्स खराब झाल्या होत्या. त्या परत बसवायला बूट फ्लॉपी, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करून देणारी फ्लॉपी हवी, आणि तीही नेमक्या त्याच, म्हणजे ९५ च्या नंतरच्या व्हर्जनची. ९५ च्या पहिल्या व्हर्जनच्या फ्लॉपीला ही डिस्क दिसतच नाही. ९८ च्या फ्लॉपीला दिसते, पण तिच्यावरच्या फाइल्स इथे बसवायच्या नसतात.

माझ्या बॅगेत नेमक्या याच दोन होत्या. नेटवरून उतरवलेल्याही पहिल्याच व्हर्जनच्या निघाल्या, नावं काहीही असोत.

"मशीनबरोबर आलेली फ्लॉपी?" मी विचारलं.

काका अभिमानानं उठले. "जपलीये ना ताई. हरवू नये म्हणून पहिल्या दिवसापासून इथंच." मशीनच्या दारावर, ड्रॉइंग लावतात तशी... लोहचुंबकानं चिकटवलेली.

फ्लॉपी कोरी होती. चुंबकानं पुसली जाते, एवढं मी सांगितलं. सेल्समन हसला. ते मी लक्षात ठेवलं.

"असंच मशीन आणखी कुणाकडे आहे?"

"मागच्या लायनीत बोराटेकडं. दोघांनी बरोबरच घेतलं होतं. पण त्यानं माझा ऑपरेटर पळवला. त्याच्या दारात मी जाणार नाही."

"तुम्ही नका जाऊ. मी जाते."

बोराटे मूळचे मोशीचे. थोरातांचं नाव ऐकून म्हणाले, "त्याचं मशीन बंद पडलं व्हय? बरं झालं."

"तुमचंही पडेल," मी म्हटलं. "तुमची फ्लॉपी तेव्हा चालेल की नाही, ते आजच बघून घ्या."

त्यांनी गाळ्यातल्या देव्हाऱ्यातून लाल फडक्यातली फ्लॉपी काढली. वर हळदकुंकू. दर खंडेनवमीला मशीनबरोबर तिचीही पूजा होते. "मशीनचा जीव हाय तो. पूजेला काढतो, परत ठिवतो."

म्हणजे इतकी वर्षं चुंबकापासून लांब...

फ्लॉपी वाचणारा माझा लॅपटॉप थोरातांकडे होता. पण बोराटे फ्लॉपी हातातून सोडेनात. "मीच येतो."

थोरातांच्या गाळ्यात दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. मी हळद पुसली, आधी नव्या फ्लॉपीवर कॉपी केली, मग कॉपीवरून बूट. डिस्क दिसली, व्हर्जन जुळलं. एक कमांड, रीस्टार्ट... आणि पडद्यावर काकांच्या मशीनचा प्रोग्रॅम.

"झालं का?" हे विचारलं बोराटेंनी.

काका दारात जाऊन ओरडले, "तीन चहा!"

सेल्समन धरून आम्ही चौघं होतो.

संध्याकाळी भंगारवाल्याचा टेम्पो आला तेव्हा मशीन पोलाद कापत होतं. तो रिकामाच परत गेला. जुनं मशीन कधी संपलं, हे नवीन विकणाऱ्यानं ठरवायचं नसतं. ते तपासून ठरवायचं असतं.

बोराटे काका, मनापासून आभार.

निघताना बघितलं, थोरात काका कॉपी ठेवायला आपल्या देव्हाऱ्यात जागा करत होते. मी देव मानत नाही. पण त्या जागेला माझी तांत्रिक मान्यता आहे.