आईचं गोंदण आणि नवा मॉनिटर

मंडळी, आज दुपारी आपल्या फोटो स्टुडिओसाठी मॉनिटर घ्यायला गेवराईहून बीडला गेलतो. जुन्या मॉनिटरवर रंग खरे दिसत नव्हते. नवरीच्या शालूचा रंग पडद्यावर एक आणि छापल्यावर भलताच.

पारख करायला आईचा फोटो पेनड्राइव्हमध्ये नेला होता. वडिलांनी याच स्टुडिओत काढलेला, रंगीत. नव्या मॉनिटरवर उघडला आणि तिच्या हनुवटीवरचं हिरवं गोंदण लख्ख दिसलं. लहानपणी तिच्या मांडीवर बसून त्या ठिपक्यांवर बोट फिरवायचो, ते आठवलं.

दुकानदार सलीमभाईंनी फोटो सुधारायचं नवं सॉफ्टवेअरही दाखवलं. "एकच बटन दाबा दादा, चेहरा लई साफ होतो."

त्यांनी दाबलं. सुरकुत्या गेल्या. गोंदणही गेलं.

"बघा, एक डाग राहिला न्हाई."

"डाग न्हाई भाई, गोंदण हाय ते. माझी आई हाय ही."

सलीमभाईंनी फोटो पहिल्यासारखा केला.

वडील उलटं करायचे. छापलेल्या फोटोत एखाद्या बाईचं गोंदण फिकं आलं, तर बारीक ब्रशनं भरून द्यायचे. म्हणायचे, "दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं बाईसोबत जातं."

मॉनिटर घेतला. सॉफ्टवेअर मात्र जुनंच ठेवलं. त्यात एकेक सुरकुती हातानं पुसावी लागते, पण आपण काय पुसतोय ते तरी कळतं.

तुमच्या मोबाईलमधल्या फोटोत आईचं, आजीचं गोंदण अजून हाय का? जरा मोठं करून बघा.