बायांचे तीन सेट

बहारीनमधल्या, मनामातल्या त्या इंग्रजी पेपरच्या ऑफिसात एडनाच्या नादाला लागायला कुणी धजत नसे. वसईची बाई. टेलिप्रिंटरवर आलेली बातमी बघता बघता टाइप करून पानासाठी तयार करायची, आणि मध्ये कुणी लुडबुडलं की "यल्ला, चालू पड!" म्हणून त्याला वाटेला लावायची. बेनेडिक्ट तिच्याच गावचा. नवा आला तेव्हा त्याला मशीनमध्ये धड कागद घालता येत नव्हता. तिनंच हाताला धरून शिकवलं.

एडनाचा नवरा वारलेला. मुलगी बेनिटा वसईला भावजयीच्या हाताखाली वाढत होती, आणि भावजय कसली, पोरीला दोन घास वाढले तरी चारचौघांत बोलून दाखवणारी. बेनिटाला इथं आणायचं, एवढं एकच एडनाच्या डोक्यात. त्याला फॅमिली व्हिसा लागायचा, आणि तो मिळायचा सेक्शन-हेडला, रिफा गावातल्या फ्लॅटसकट. चौऱ्याऐंशी साली जुना हेड गावी परतला तेव्हा सगळे धरूनच चालले, आता एडनाच. तिनं तर इथल्या शाळेत चौकशीही करून ठेवली.

जुलैत संपादक हेमचंद्रसाहेबांनी खुर्ची दिली बेनेडिक्टला. साहेब म्हणजे आपलाच मराठी माणूस हो, पुण्याचा! एडना तरातरा केबिनमध्ये गेली.

"साहेब, त्याला काम मी शिकवलंय."

"अगं, पण फ्लॅट फॅमिलीसाठी असतो. फॅमिली म्हणजे नवरा-बायको. तुझी फॅमिली कुठाय?"

"माझी मुलगी आहे की!"

"ती मुलगी झाली. फॅमिली नव्हे."

घ्या! पोटची पोर फॅमिली नव्हे. काय म्हणावं असल्या अकलेला?

त्याच आठवड्यात विम्बल्डन संपलं. रविवारी संध्याकाळी लंडनहून निकाल आला, बक्षिसांच्या आकड्यांसकट. पुरुष विजेत्याला एक लाख पौंड, महिला विजेतीला नव्वद हजार. एडना वाचूनच भडकली.

"हिला दहा हजार कमी का रे?"

बेनेडिक्ट नुकताच बायकोला फोनवर आनंदाची बातमी देऊन आला होता. "एडनाबाय, बाया तीनच सेट खेळतात. पुरुषांना पाच असतात."

"आजचा गडी तीन सेटांतच जिंकलाय ना? मग काप त्याचे दहा हजार!"

"असं कुठं असतं?"

"नसतंच. खेळायचं बायांनी आणि सेट व्हायचं पुरुषांनी!"

सगळे खो खो हसले. एडना हसली नाही. तिनं मशीन पुढं ओढलं आणि टाइप केलं: पुरुष विजेता, नव्वद हजार. महिला विजेती, एक लाख. पान तसंच छापून गेलं.

दुसऱ्या दिवशी इंग्रज वाचकांनी फोन करकरून भंडावून सोडलं. हेमचंद्रसाहेबांनी दोघांना आत बोलावलं. एडना ठरवूनच गेली होती. मुद्दाम केलं म्हणून तोंडावर सांगायचं. काढायचं तर काढा. नोकरी खलास तर खलास.

ती तोंड उघडणार एवढ्यात बेनेडिक्टच पुढं झाला.

"जाऊ द्या, साहेब. थकली होती. बाईमाणूस आहे, मुलीची आठवण काढत बसते, मग होतात आकडे इकडचे तिकडे."

साहेबांचा राग झटकन उतरला. "बघ एडना, म्हणूनच तुला हेड केलं नाही. हेडचं डोकं जाग्यावर लागतं."

एडनाच्या अंगाचा तिळपापड झाला. थकले नव्हते, चांगलं समजून-उमजून केलं, हे अगदी जिभेच्या टोकावर आलं. पण नोकरी गेली तर बेनिटाची फी कोण भरणार? भावजय तर तिला दुसऱ्याच दिवशी शाळेतून काढून भांडी घासायला बसवील.

बाहेर आल्यावर बेनेडिक्ट हळूच म्हणाला, "वाचवलं बघ तुला, एडनाबाय." मेल्याला मनापासून वाटत होतं, आपण पुण्य केलं.

"थँक्यू, बेनेडिक्ट," एडना म्हणाली, आणि चूकदुरुस्ती टाइप करायला बसली.