अंगणातलं क्रिकेट, घरातलं क्रिकेट

भूकंपानं आमच्या लातूरच्या घराच्या भिंतींना तडे दिले आणि माझ्या धाकट्या भावाला अंगणात आणून बसवलं. तडे बुजवले गेले. भाऊ मात्र महिने उलटले तरी स्लॅबखाली यायला तयार नव्हता. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जेवायचा, तिथंच झोपायचा. शाळा मांडवात भरत होती तोवर निभावलं. वर्ग पुन्हा इमारतीत गेले आणि हा घरी बसला. गल्लीत सारख्या नव्या क्लासच्या पाट्या लागत होत्या, पार नांदेडकडच्या लोह्या-किनवटाची पोरं खोल्या घेऊन शिकत होती आणि आमचा पाचवीतला हिरो लातुरात असून शाळेत जात नव्हता. मला त्याची दया यायची आणि तितकाच रागही.

नांदेडच्या मामानं उपाय आणला. हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, तोही अंगणातल्या क्रिकेटचा. खोक्यावर हिरवळ, लाकडी कुंपण आणि एक गोरा गुबगुबीत मुलगा. अट एकच, गेम घरातच खेळायचा. पोरगं त्याच्या नादानं आत येईल आणि छत विसरेल, असा मामाचा डाव.

डाव लगेच फसला. गेमच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, घरात काही दिसेचना. मग भाऊ उन्हात उभा राहून खेळायला लागला आणि मामाच्या समाधानासाठी एक पाय तेवढा उंबऱ्याच्या आत ठेवला.

त्यात गेमचा नियम त्याला पटेना. आमच्याकडे चेंडू भिंतीपलीकडे गेला की आऊट, कारण पलीकडच्या रंगारी चाची ओढण्या रंगवून वाळत घालायच्या. आमच्या सगळ्यांचे हात जमिनीलगत सरपटी मारायलाच वळलेले. गेममध्ये कुंपणापलीकडे मारल्याशिवाय रनच नाही. भाऊ इमानदारीत सरपटी मारत राहायचा, ओव्हर संपायची, पडद्यावर शून्य. गल्लीतल्या पोरांचंही तेच झालं. ‘लई बोगस हाय,’ असा निकाल लागला आणि मामा खट्टू होऊन नांदेडला गेला.

आई हे सगळं बघत होती. एका दुपारी तिनं गेम फळीवर टाकला, पदर खोचला, प्लॅस्टिकचा चेंडू उचलला आणि मधल्या खोलीत जाऊन उभी राहिली. घरात चेंडूला हात लावला तर पाठीत धपाटा घालणारी ही बाई.

“ये. मी टाकते,” ती भावाला म्हणाली.

तो बॅट घेऊन दारात घुटमळला. आईनं चेंडू टाकला. चेंडू अर्ध्यावरच थांबला. मारायचा तर आत यावं लागणार होतं, आणि तो आला. चेंडूकडे बघावं की छताकडे, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. मी त्याच्यामागं कीपर म्हणून उभी. थोड्या वेळानं एक फटका जोरात बसला आणि चेंडू थेट मांडणीवर गेला. ताटं, वाट्या, तांबे, सगळं धडाधड खाली आलं. भूकंपाच्या पहाटेही आधी भांडीच पडली होती. माझे पाय आपोआप दाराकडे वळले. आईचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, संपलं, आता हा परत कधी आत येत नाही.

भाऊ जागचा हलला नाही. एक वाटी फरशीवर गरगरत होती, ती थांबेपर्यंत तिच्याकडे बघत राहिला.

“भांड्याला लागलं तर आऊट न्हाई,” तो म्हणाला. “आधी सांगितलं नव्हतं.”

“आऊटच हाय,” आई म्हणाली. ती डोळे पुसत त्याच्याशी भांडत होती आणि तो आत उभा राहून ऐकत नव्हता.