चौकटीत अडकलेलं माझं पान

दहिसरची आमची चाळ पाडून टॉवर उभा राहिला, तेव्हा समितीने स्मरणिका काढायची ठरवली. प्रत्येक खोलीला एक पान. आठवणी ज्याने त्याने टाइप करून द्यायच्या, शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत.

मला आठवणी लिहायच्या नव्हत्या. मला खिडकी लिहायची होती. बिल्डरच्या पहिल्या नकाशात स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचा धंदा मी शून्यातून उभा केला. मला ते नकाशा उलगडताक्षणी दिसलं. बिल्डरच्या ऑफिसात मी इतका जाऊन बसलो की तिथला शिपाई न विचारता माझा बिनसाखरेचा चहा आणायला लागला. शेवटी खिडकी मिळाली, सगळ्या घरांना. आणि समितीच्या अहवालात काय, तर ‘समितीच्या अथक प्रयत्नांमुळे हवेशीर स्वयंपाकघर’.

शेवटच्या दिवशी दुपारी मी मुलीचा जुना लॅपटॉप उघडला. अहवालातलं ते वाक्य कॉपी करून वर पेस्ट केलं आणि खाली उत्तर टाइप करायला बसलो. वाक्य एकटं आलं नव्हतं. अहवालातल्या तक्त्याची चौकट सोबत घेऊन आलं होतं. निळी अक्षरं, मागे राखाडी पट्टा, आणि चौकट एवढी अरुंद की माझं उत्तर एका ओळीत एक शब्द असं खाली उतरत गेलं. चार पानं झाली.

समितीच्या सेक्रेटरीला फोन लावला. तो आणि मी एकाच नळावर भांडून मोठे झालो.

“चार पानं दे रे.”

“एक.”

“दोन दे. तुझ्या बाल्कनीचा स्लायडिंग दरवाजा फुकट नीट करून देतो.”

“तो तूच बसवलायस, म्हणून अडकतो,” म्हणाला आणि फोन ठेवला.

चौकट काढायला डिलीट दाबलं, तर चौकट राहिली आणि माझे शब्द गेले. ते कसेबसे परत आणले. कड ओढून पाहिली, तर अर्धा मजकूर पानाबाहेर गेला. बायको मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, “अहो, याच लोकांच्या शेजारी राहायचंय. जरा कमी करा.”

भाव करताना मी नेहमी जास्त मागून ठेवतो, म्हणजे सोडायला काहीतरी असतं. लिहितानाही तेच केलं होतं. आधी शिपायाचा चहा सोडला. मग बिल्डरचा उद्धटपणा. मग नकाशा. दरवेळी सेव्ह करून फाइल बंद करायची, पुन्हा उघडून पानं बघायची. समितीच्या वाक्याला हात लावला नाही, कारण ते काढलं तर उत्तर कुणाला द्यायचं?

एक पान झाल्यावर मुलुंडला मुलीला फोन केला.

“पप्पा, पेस्ट करताना ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ का नाही घेतलं?”

“मला काय माहीत वाक्य दाराच्या चौकटीसकट येतं ते.”

तिने सगळं कॉपी करून नव्या फाइलमध्ये तसं पेस्ट करायला लावलं. चौकट गेली, निळा रंग गेला, आणि पानभर मजकुराच्या चारच ओळी उरल्या. वर समितीचे अथक प्रयत्न, खाली ‘याबाबत मला एवढंच सांगायचं आहे की’, आणि मग सर्वांना शुभेच्छा. माझ्या खोलीच्या नंबराखाली समितीची आरती.

“जे कापलंत ते कुठे सेव्ह केलंत?”

“कापल्यावर सेव्ह केलं.”

ती हसायला लागली. मी फोन आपटला.

तेवढ्यात सेक्रेटरीचा निरोप आला, फाइल छपाईला निघतेय. मी सगळं पुसलं आणि एका बोटाने टाइप केलं: ‘स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. ती मी भांडून घेतली.’ पाठवलं.

लगेच त्याचा फोन. “एवढंच? बाकीच्या जागेत समितीचा फोटो टाकतो.”

“टाकून बघ. खोलीला एक पान, हा ठराव तुझाच. माझं उरलेलं पान रिकामं छाप.”

“कागद वाया जाईल रे.”

“माझ्या वाट्याचा आहे. जाऊ दे वाया.”

त्याने तसंच छापलं, हे मला मानावं लागेल. आता लोक विचारतात, दोन ओळींखाली तुमचं पान कोरं का. मी त्यांना दारात उभं करून सगळं सांगतो, नकाशा, शिपायाचा चहा, काहीही न कापता. बायको म्हणते, हल्ली आपल्या मजल्यावर लिफ्ट थांबली की आतले लोक मोबाइल बघायला लागतात.