मृगातला लाल रंग

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रंगवलेली फुलं अजिबात खपत नसत. नाशिकच्या फूलबाजारात काही जण पांढरी फुलं रंगाच्या पाण्यात ठेवून निळी-हिरवी करून विकायचे. अण्णा ती लांबूनच ओळखायचे आणि विकणाऱ्याला चारचौघांत झापायचे. आयुष्यभर गुलाब पिकवलेला माणूस. त्यांना मी मासिकातला तेजोमेघाचा लालभडक फोटो मोठ्या कौतुकानं दाखवला, तर म्हणाले, "हे बुडवलेलं हाय."

मी चिडले. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई मी, आणि घरात ही किंमत! मृग नक्षत्रात बाणाखालचा पुसट ठिपका, म्हणजे तोच तेजोमेघ, फोटोत आपोआप लाल येतो, कुणाला रंग भरावा लागत नाही, हे दाखवूनच देते म्हटलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट, रोलचा कॅमेरा. तेव्हा ती नुसती खुमखुमी होती. मग दिवाळीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, अण्णांचा काचबिंदू फार पुढे गेलाय, पुढच्या दिवाळीपर्यंत नजर राहणार नाही. मृग संध्याकाळी वर असतो तो हिवाळ्यात. म्हणजे हा एकच हिवाळा हातात होता.

दोन फळ्या, बिजागरी आणि एक लांब स्क्रू, एवढ्यावर कॅमेऱ्याची बैठक बनवली. आकाश सरकतं तसा कॅमेरा सरकावा म्हणून घड्याळाकडे बघत तो स्क्रू हातानं फिरवायचा. सिन्नरच्या पुढच्या माळावर मी आणि नवरा स्कूटरवरून जायचो. कधी चंद्र, कधी ढग, कधी गारठ्यानं बोटं थरथरायची आणि तारे लांबट यायचे. फेब्रुवारी संपत आला, तेव्हा कुठे एकदा हात स्थिर राहिला.

रोल धुवायला देताना पाकिटावर ठळक लिहिलं, 'कापू नका'.

"मॅडम, रोल तर रिकामाच निघाला," दुकानदार म्हणाला. "पाकिटात बसेना, म्हणून कापला."

काळ्या आकाशाची निगेटिव्ह कोरीच दिसते, त्याला तरी काय बोलणार? पण नीट आलेली फ्रेम एकच होती आणि कात्री तिच्या मधोमध गेली होती. मी दुकानातच रडले. मग उरलेल्यांतली त्यातल्या त्यात बरी छापायला दिली. मशीननं स्वतःच्या अकलेनं काळोख उजळून टाकला. राखाडी आकाश, मध्ये पांढुरका डाग. लाल रंगाचा मागमूसही नाही.

पुन्हा जावं तर मार्चभर आभाळ. एप्रिल संपता संपता मृग पश्चिमेला टेकला. इकडे अण्णा रोज विचारायचे, "आला का गं फोटो?"

शेवटी तोच दिला. आता बुडवलेली फुलं विकणाऱ्यांसारखी माझीही खरडपट्टी निघणार, असं वाटलं. अण्णांनी फोटो खिडकीशी नेला, अगदी नाकाशी धरला, तिरपा केला, परत सरळ केला.

"लाल हाय," ते म्हणाले. "आपल्या गुलाबासारखा. बुडवलेला नाय."

मी त्यांच्या हातातल्या राखाडी फोटोकडे पाहिलं.

"हो, अण्णा," मी म्हटलं.