परदेशात गुरुजीसुद्धा झाडतात

आमचे मुख्याध्यापक आठ दिवसांच्या अभ्यासदौऱ्यावर परदेशात जाऊन आले आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. जाताना माणूस साधा होता. येताना मोबाईलभर फोटो आणि एक ध्यास घेऊन आला.

लांजा तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते सातवी, शिक्षक चार. मुख्याध्यापकांना सगळे गुरुजी म्हणतात. दोन वर्षांपूर्वी लागलेले एक तरुण सर आहेत. रत्नागिरीत मांडवीला राहणाऱ्या आणि रोज एसटीने येणाऱ्या एक शिक्षिका आहेत, त्यांना गाव मॅडम म्हणतं. चौथी मी. मला बाई म्हणतात. हा फरक कुणी ठरवला ते मला माहीत नाही, पण या शाळेत आल्यापासून मी बाईच आहे.

गुरुजींनी आम्हाला सातवीच्या वर्गातल्या टीव्हीसमोर बसवलं आणि फोटो दाखवायला सुरुवात केली. टाय लावलेले तिथले मुख्याध्यापक गुडघ्यावर बसून फरशी पुसतायत. शिक्षिका मुलांबरोबर खिडक्यांच्या काचा घासतायत. संडास असे की तिथे बसून डबा खावा. गुरुजींचा आवाज जड झाला होता. ‘‘बघा, तिथे शाळेला शिपाई नाही. परदेशात गुरुजीसुद्धा झाडतात.’’

मी म्हटलं, ‘‘गुरुजी, शिपाई आपल्याकडे पण नाही.’’

सर खुदकन हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांचं लक्ष पुढच्या फोटोत होतं.

आता खरं सांगायचं तर प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाला झाडूचं अप्रूप कधीच नव्हतं. सकाळी कुलूप उघडायचं आम्हीच. व्हरांड्यात रात्री कोण बसून गेलं असेल त्याच्या बाटल्या उचलायच्या आम्हीच. बकऱ्यांच्या लेंड्या, वटवाघळांची घाण, पावसाळ्यात मुलांच्या पायांबरोबर वर्गात येणारा लाल चिखल, सगळं आम्हीच काढतो. फक्त आजवर कुणी आमचा फोटो काढून त्याला संस्कार म्हटलं नव्हतं. शिक्षकाने शाळा साफ करावी का, असं मला कुणी विचारलं असतं तर मी ‘करावी’ असंच म्हटलं असतं. आपण बसतो ती जागा आपण झाडावी, त्यात कसली आली लाज? त्यामुळे गुरुजींनी पाळ्या लावायचं काढलं तेव्हा मी लगेच मान डोलावली. मॅडम तेवढ्या कुरकुरल्या.

तक्ता केला. चार कामं, चार माणसं. पटांगण, वर्ग, पाण्याची टाकी आणि शौचालय. दर आठवड्याला काम बदलायचं. गुरुजी म्हणाले, ‘‘शौचालयापासून पहिल्यांदा कोण सुरू करतंय?’’

कुणीच बोललं नाही. फार वेळ नाही, एखाद्या श्वासापुरतंच. पण ती शांतता मी लहानपणापासून ओळखते. आणि मी हात वर केला.

का केला, ते सांगायला हवं. मी मंडणगडकडची, बौद्धवाडीतली. माझ्या बापाची आई गावची चावडी झाडायची, मेलेली गुरं ओढण्यात घरचे पुरुष असायचे. छप्पन सालानंतर आमच्या वाडीने ही गावकीची कामं सोडली, आणि सोडली म्हणून बरंच सोसलं. माझ्या आईने आम्हाला एकच नियम घालून दिला होता. आपलं घर आरशासारखं ठेवायचं, दुसऱ्याच्या दारात झाडू धरायचा नाही. मी शिकले, डी.एड. केलं, नोकरीला लागले. मग मला वाटायला लागलं की आता या कामाने मला काही टोचत नाही, आणि ते चारचौघांत दाखवूनही द्यावं. ‘तुम्ही दचकता, मी दचकत नाही’ असा तो हात होता. शुद्ध माज होता, दुसरं काही नाही.

गुरुजींनी माझा फोटो काढला. हातात ब्रश, पायात सरांचे गमबूट. तो तालुक्याच्या ग्रुपवर गेला आणि त्यावर हात जोडल्याची चित्रं आली. केंद्रप्रमुखांनी ‘प्रेरणादायी’ असं लिहिलं. मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या आठवड्यात शौचालयाची पाळी मॅडमची होती. त्यांची कंबर धरली. एसटीत हिसका बसला म्हणाल्या. ‘‘बाई, एवढा आठवडा घ्या ना. तुम्ही किती छान करता!’’ मी घेतला. तिसऱ्यात सरांना नेमकं प्रशिक्षण लागलं. चौथ्यात गुरुजींची सभा, मग दुसरी सभा, मग तिसरी. नंतर नंतर कुणी कारणही देईना. पंपाची मोटर जळली तेव्हा खालच्या विहिरीवरून कळशीने पाणी आणावं लागायला लागलं. चढ असा आहे की दोन कळश्यांत छाती भरून येते, आणि चार संडासांना दोन कळश्यांनी काय होतं? मी आणत होते. दिवाळीची सुट्टी आली, गेली. भिंतीवरचा तक्ता दर आठवड्याला न चुकता बदलत होता आणि संडासात मीच होते.

एखादी शहाणी बाई तेव्हाच भांडली असती. मी भांडले नाही, कारण भांडायचं म्हणजे ते वाक्य तोंडाने उच्चारावं लागलं असतं आणि मला ते उच्चारायचं नव्हतं. मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत फिनेल ओतत होते.

वडील गेल्यापासून आई माझ्याकडे लांज्यालाच राहते. वाडीचा ग्रुप तिच्या मोबाईलवर आहे. तालुक्याच्या ग्रुपवरून फिरत फिरत माझा फोटो मंडणगडला पोचला आणि तिथून परत माझ्याच स्वयंपाकघरात आला. मी शाळेतून आले तेव्हा ती मोबाईल पुढ्यात ठेवून बसली होती.

‘‘ह्या काय ता?’’

‘‘शाळेचं काम आहे, आये. सगळ्यांच्या पाळ्या आहेत. परदेशात शिक्षक लोक...’’

‘‘परदेशातला मला नको सांगू. बाकीच्यांचे फोटू दाखव.’’

मी शाळेचा ग्रुप उघडला आणि तिला दाखवायला म्हणून वर वर सरकवत गेले. गुरुजी पटांगणात खराटा घेऊन. सर फळा पुसताना. मॅडम कुंडीला पाणी घालताना. परत गुरुजी, परत खराटा. संडासात मी. संडासात मी. साडी वेगळी, संडास तोच. महिनोन् महिने ते फोटो माझ्यासमोर येत होते आणि मी ते असे एका ओळीत कधी बघितले नव्हते.

आई म्हणाली, ‘‘माज्या सासूला कोनी पाळी नव्हती लावलेली. रोज तिचीच. तिनं ता सोडलान तेव्हा गावानं आमचा पानी बंद केलान. तरी सोडलान. आनि तू गो? तुला कोनी लावलान?’’

‘‘मीच हात वर केला.’’

मला काही सुचेना, आणि सुचेनासं झालं की मी ओरडते. तुला काही कळत नाही, काळ बदललाय, कामाला जात नसते, असं बरंच काय काय मी तिच्या अंगावर ओरडले. ती उठली आणि मागच्या दारी बांगडे साफ करायला गेली. त्याचा मला जास्त राग आला. तिचं खरं होतं म्हणून आला.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना गाठलं आणि जे वाक्य मी गिळत आले होते ते बोलून टाकलं. या शाळेत संडास फक्त मीच का धुते, आणि मी कुठल्या वाडीतली आहे, हे दोन्ही प्रश्न मी एका दमात विचारले.

गुरुजींचा चेहरा उतरला. ‘‘बाई, तुम्ही जात कशाला मध्ये आणता? शपथ घेऊन सांगतो, माझ्या मनात तसं काही आलंसुद्धा नाही.’’

आलं नसेलच. तीच तर पंचाईत होती. माणूस दुष्ट असता तर मी अर्ज लिहून मोकळी झाले असते. माझ्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला स्वतःची गाडी घेऊन रत्नागिरीला आलेला माणूस हा. त्याला खरंच दिसत नव्हतं, आणि न दिसणाऱ्या माणसाशी भांडताना आपणच आरडाओरडा करणारे ठरतो.

‘‘तिकडे कुणी कुणाला विचारत नाही हो, कोण कुठला ते,’’ ते म्हणाले.

‘‘तिकडे पाळी फिरते, गुरुजी.’’

त्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘‘बरोबर आहे तुमचं. मग आता आपण मुलांच्याही पाळ्या लावू. त्यांचं त्यांनाच ठरवू दे. लोकशाही पद्धतीने.’’

मी कपाळावर हात मारला. पण मनात म्हटलं, लावू दे. मुलं तरी सरळ असतात.

दोन दिवसांनी सातवीच्या मुलींनी नवा तक्ता आणून दिला. रंगीत स्केचपेन, कडेने फुलं, अक्षर मोत्याचं. पटांगणाला मुलगे. वर्गांना आलटून पालटून सगळे. शौचालयाच्या चौकटीत पाच नावं होती, पाचही मुली, पाचही शाळेच्या गावच्या बौद्धवाडीतल्या. अक्षर त्यातल्याच एकीचं होतं. वर्गात पहिली येणारी पोर.

मी तिला बाजूला घेतलं. ‘‘ही नावं कुणी सांगितली गं तुला?’’

‘‘कोनी नाय, बाई. आमीच ठरवला.’’

‘‘मग तुम्ही पाच जणीच का?’’

तिला प्रश्नच कळला नाही. ती आनंदाने म्हणाली, ‘‘तुमी असता ना तिथे. आमाला तुमच्याबरोबर काम करायचा हाय.’’

ती मला खूश करायला बघत होती. तिला आणि तिच्या चार मैत्रिणींना त्या चौकटीत गावाने बसवलं नव्हतं, गुरुजींनी नव्हतं, मॅडमच्या कमरेनेही नव्हतं. मी बसवलं होतं, ब्रश हातात घेऊन, फोटो काढून घेऊन. जे माझ्या आजीने पाण्यावाचून राहून सोडलं ते मी या पोरींना प्रेमाने शिकवत होते.

तक्ता मी तिथेच फाडला. पोर रडवेली झाली, तिला वाटलं तिचंच काहीतरी चुकलं. तिची समजूत काढताना मला धड शब्द सापडेनात. बारा वर्षांच्या मुलीला कुठपर्यंत सांगायचं? मी एवढंच म्हटलं की संडासाचं काम मुलांनी करायचं नाही, ते मोठ्यांचं आहे. गुरुजींना मी फाटलेला कागद दाखवला. ते म्हणाले, ‘‘योगायोग असेल हो, बाई.’’

योगायोग! मी त्यांना सांगितलं, मोठ्यांच्या तक्त्यात माझी पाळी चार आठवड्यांतून एकदा आहे, ती आली की मी करीन. त्याच्या आधी नाही, कुणाची कंबर धरो नाहीतर सभा लागो.

तो आठवडा मॅडमचा होता. पहिल्या दिवशी त्या तिकडे फिरकल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वास व्हरांड्यात आला. तिसऱ्या दिवशी मुलगे झाडीत जाऊ लागले आणि मुलींनी पाणी प्यायचं सोडलं. हे मला बघवत नव्हतं. पाण्याच्या बाटल्या भरलेल्या तशाच घरी जात होत्या आणि मी ताठ बसून होते. दहा वेळा उठावंसं वाटलं. मला गुरुजींचा राग येत होता, मॅडमचा येत होता, आणि सगळ्यांत जास्त माझा, कारण माझ्या हट्टाचा त्रास त्या मुलींनाच होत होता. पण उठले असते तर त्याही माझ्या मागून उठल्या असत्या.

पाचव्या दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष आले. काजूचा छोटा कारखाना आहे त्यांचा, कामातून वेळ काढून आले होते. मी चौथीला भागाकार शिकवत होते. दार उघडं होतं. ते व्हरांड्यात गुरुजींपाशी थांबले, नाकाला रुमाल लावला आणि काळजीने विचारलं, ‘‘वास कसला सुटलाय हो, गुरुजी? बाई रजेवर हायत काय?’’

गुरुजींनी दारातून माझ्याकडे बघितलं. अध्यक्षांनीही बघितलं आणि ‘‘अरे, हायत की,’’ म्हणाले. त्यात चेष्टा नव्हती, वाईट हेतू नव्हता. वास म्हणजे बाई नाहीत, इतका साधा तो हिशेब होता. गुरुजींच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला माझ्या खुर्चीतून दिसल्या.

‘‘हजर आहे,’’ मी म्हटलं. ‘‘शिकवतेय.’’

गुरुजी अध्यक्षांना काहीही न सांगता विहिरीकडे गेले. संडास धुवायला पाऊण तास लागला त्यांना. फोटो कुणी काढला नाही. पाणी सांडून विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि धाप लागली होती. सातवीच्या मुली खिडकीत दाटीवाटीने उभ्या राहून बघत होत्या, आणि मी त्यांना जागेवर बसायला सांगितलं नाही.

मधल्या सुट्टीत ते माझ्या वर्गाच्या दारात आले.

‘‘बाई,’’ ते म्हणाले, ‘‘पाणी फार लांबून आणावं लागतं हो.’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. पुढे काही बोलले असते तर रडले असते, म्हणून मी वह्या तपासायला घेतल्या.